खालून पाहिलेला बोर्ड

मॅडमच्या गाळ्यात पहिल्यांदा येणाऱ्याला वाटायचं, आपण चुकीच्या वेळी आलो, बाईंचं नुकतंच कुणाशी तरी भांडण झालंय. तसं काही नसायचं. तो त्यांचा नेहमीचा चेहरा होता. गाळ्यात खुर्ची एकच, तिच्यावर विजेच्या लाटा दाखवणारा जुना ऑसिलोस्कोप ठेवलेला, आणि मॅडम दिवसभर टेबलाशी उभ्या. पाहुणा बसायला जागा शोधू लागला की म्हणायच्या, "उभ्यानं बोललं की लवकर संपतं." बहुतेकांचं संपायचंच.

तुर्भ्याच्या एमआयडीसीतला तो गाळा. एका बाजूला मिरची दळणारा, दुसऱ्या बाजूला न्हावा शेव्याला जाणाऱ्या ट्रकांचे टायर बदलणारा. मिरचीवाल्यामुळे आम्हाला शिंका आणि मॅडमच्या डब्यातल्या सुकटीमुळे मिरचीवाल्याला मळमळ. तो पक्का शाकाहारी. एकदा हात जोडून सांगायला आला, तर मॅडम म्हणाल्या, "तुमची मिरची आम्ही रोज नाकानं खातो. कधी तक्रार केली?" तो बिचारा आल्या पावली परत गेला. दिवाळीला मात्र त्यानं मिठाईचा डबा पाठवला आणि मॅडमनी तो कुणाला न देता दोन दिवसांत संपवला. त्यांना साखरेचा आजार आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं.

मी त्यांच्याकडे आलो तो ऐरोलीतल्या आयटी पार्कमधली बरी नोकरी सोडून. घरचे म्हणाले, डोकं फिरलंय. कदाचित फिरलं असेलही. पण दिवसभर एसीत बसून कुणाच्या तरी परदेशातल्या तक्रारी बंद करत राहण्यापेक्षा हाताला काही तरी लागेल असं काम मला हवं होतं. मॅडमनी मुलाखत वगैरे घेतली नाही. सोल्डरिंगची गन हातात दिली, एक सर्किट जोडायला सांगितलं, आणि झाल्यावर ते उचलून थेट उलटं केलं. वरची बाजू पाहिलीच नाही.

"वरून काय बघायचं?" त्या म्हणाल्या. "वरून सगळेच शहाणे दिसतात. नेहमी खालून बघायचं."

हे त्यांचं ब्रीद होतं आणि ते फक्त सर्किटापुरतं नव्हतं. भाजीवाल्याकडची टोपली त्या उचलून खालून बघत. नवीन बांधलेल्या पुलाखाली रिक्षा थांबवून वर मान करून उभ्या राहत, आणि रिक्षावाला "चलो ना आंटी" म्हणून रडकुंडीला येई. भावाच्या मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाच्या घरी चहा पिऊन झाल्यावर त्यांनी म्हणे बेसिनखाली वाकून पाइप बघितला आणि "लग्न करायला हरकत नाही, गळत नाही" असा निकाल दिला. ते लग्न टिकलं.

या खोडीचं मूळ त्यांच्या शिक्षणात होतं. त्या शिकल्या तेव्हा आजच्यासारखे तारांसकट छापील बोर्ड सहज मिळत नसत. भोकाभोकांच्या तपकिरी पट्टीवर वरून पार्ट खोचायचे आणि पट्टी उलटी करून खालून तारा जोडायच्या. उलटं केलं की डावं उजवीकडे जातं, उजवं डावीकडे. आम्हाला त्यासाठी कागद पालथा घालून बघावा लागतो. मॅडमचं उभं आयुष्य त्या खालच्या बाजूला गेलेलं, त्यामुळे त्यांच्या डोक्यात प्रत्येक सर्किट उलटंच असायचं आणि तेच त्यांना सुलटं वाटायचं. मला हे जादूसारखं वाटे. तसं मी एकदा बोललो तर "जादू नाही, सवय आहे, काम कर" असं उत्तर मिळालं.

त्या आधी एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये होत्या. तिथून त्यांनी राजीनामा दिला असं त्या सांगायच्या. कॉलेज जरा वेगळं सांगायचं. भांडण झालं होतं एका बोर्डावरून. लॅबमध्ये मुलं शिकतात ती ब्रेडबोर्डवर, म्हणजे पांढऱ्या प्लास्टिकच्या भोकाभोकांच्या पाटीवर. मधे एक चर आणि चराच्या दोन्ही अंगांना भोकांच्या ओळी. तिच्यात पार्ट खोचायचे, शेजारच्या भोकांत वायरी खोचायच्या, चुकलं तर उपटून पुन्हा. आणि मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढा मेंदू. तो पायवाल्या छोट्या बोर्डावर बसवून या पाटीत खोचतात. कॉलेजनं बाहेरून मागवलेले बोर्ड इतके रुंद होते की पाटीत खोचले की दोन्हीकडची सगळी भोकं झाकून टाकत. वायर लावायला जागाच नाही. मॅडमनी तो बोर्ड भर मीटिंगमध्ये पाटीत खोचून प्राचार्यांपुढे ठेवला. "पाहुण्याला पाटावर बसवलंत, ताट कुठं ठेवायचं ते ठरवा," म्हणाल्या. पुढे काय बोलल्या ते मला कुणीच सांगितलं नाही, पण त्यानंतर त्या कॉलेजात दिसल्या नाहीत.

तेव्हापासून त्यांना एकच ध्यास. असा अरुंद बोर्ड करायचा की पाटीत बसल्यावर दोन्हीकडे भोकं मोकळी राहतील. आणि रेडिओ, म्हणजे हवेतून निरोप धाडणारा तुकडा, तो वेगळा. हवा असेल त्यानं खोचावा, नको त्यानं खोचू नये. बाजारात सगळे रेडिओ कायमचा चिकटवून विकत होते. मी एकदा तसं सुचवलं.

"आधी बोर्ड मुका चालला पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "पोराला अजून दिवा पेटवता येत नाही आणि त्याच्या गळ्यात भोंगा बांधतोस?"

रेडिओचा सॉकेट त्यांनी बोर्डाच्या अगदी टोकाला घेतला होता, म्हणजे रेडिओ बाहेर डोकावेल. "त्याला ओट्यावर बसवायचा. घरात कोंडला तर त्याची हाक कुणाला जात नाही." ते बरोबरच होतं, अँटेनाखाली तांबं आलं की तिचा घसा बसतो. त्यांचं बहुतेक सगळं बरोबर असायचं, आणि त्याचा त्रास व्हायचा.

मग एक दिवस त्यांचा एक जुना विद्यार्थी आला. आता तो एका कॉलेजात विभागप्रमुख होता आणि गाळ्यात निमूट उभा राहिला. त्यानं बोर्डाचं चित्र स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, टर्म सुरू व्हायच्या आत मला रेडिओसकट चालता नमुना द्या. आमच्या ग्रुपच्या सगळ्या कॉलेजांत मी हाच लावतो. पण उशीर नको. बाहेरचे बोर्ड एकदा लागले की मग वर्षानुवर्षं तेच."

त्याच आठवड्यात मॅडम डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. साखरेनं डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरायला लागलं होतं. लेसर ताबडतोब करायचा, नंतर इंजेक्शनं. थांबलात तर दोन्ही डोळे जातील, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. हे मॅडमनी मला कुरिअर उशिरा येणार आहे असं सांगावं तशा आवाजात सांगितलं.

मी म्हणालो, "मग आधी डोळे."

"डोळे माझे एकटीचे आहेत," त्या म्हणाल्या. "त्या रुंद बोर्डांवर रडणारी पोरं किती, ते मोज." आणि स्क्रीनकडे वळल्या.

मी ऐकून घेतलं नाही. रोज टुमणं लावलं. शेवटी त्या दवाखान्याची फाइल काखोटीला मारून निघायच्या, अर्ध्या दिवसानं परत यायच्या, "झालं" म्हणायच्या. मला बरं वाटायचं. मग सारसोळ्याहून त्यांच्या वहिनीचा फोन आला. मॅडमनी लग्न केलेलं नव्हतं. सारसोळे गावात थोरल्या भावाच्या घरी त्या राहायच्या. वहिनी त्यांच्याशी भांडूनही त्यांना जेवायला घालणारी बाई.

"तुमच्या मॅडमला जरा सांगा हो," वहिनी म्हणाल्या. "दवाखान्यातना फोन आला. ती तिकडं गेलीच नाय."

"पण त्या तर फाइल घेऊन निघाल्या होत्या."

"फाइल घेते नि जेटीवर जाऊन बसते. आमचे पोरांनी बघितली. डोलं मिटून बसलेली व्हती. ती कोनाचं आयकते काय?"

मी मॅडमना विचारलं. लाज वगैरे काही नाही. "लेसरनंतर थोडे दिवस धूसर दिसतं म्हणाले. मला ते थोडे दिवस परवडत नाहीत. जेटीवर बसून डोक्यात तारा ओढत होते. वाया नाही गेला वेळ." मी संतापलो. तुम्ही आंधळ्या झालात तर कोण बघणार, असं तोंडावर बोललो. त्या शांतपणे म्हणाल्या, "बोर्ड पाठवला की जाते. शपथ." इतकी वर्षं त्यांच्या तोंडून शपथ हा शब्द मी ऐकला नव्हता, म्हणून टुमणं थांबवलं.

डोळे जाऊ लागल्याची त्यांची कबुली कधी मिळाली नाही. स्क्रीनवरचं चित्र दिवसेंदिवस मोठं होत गेलं. रेझिस्टरचं माप सांगणारे रंगाचे पट्टे त्या मला विचारू लागल्या. "रंग बनवणारे चोर झालेत," म्हणायच्या. "तपकिरी आणि लाल, दोन्ही एकाच डब्यातले." मी रंग सांगायचो. मिरचीवाल्याच्या पोत्याला अडखळल्या तर मिरचीवाल्याला शिव्या, चहात हात गेला तर चहावाल्याला. तेवढ्यापुरतं हसू यायचं.

बोर्डाचं चित्र कारखान्याला पाठवण्याआधी ते तपासायची मॅडमची एक रीत होती. चित्र खऱ्या मापात पातळ कागदावर छापायचं, कागद थर्माकोलवर ठेवायचा आणि खरे पार्ट त्यातून टोचून बघायचे, प्रत्येक पाय आपल्या ठिपक्यावर पडतो का. शेवटी कागद ट्यूबलाइटसमोर धरून मागच्या बाजूनंही बघायचा. खालून. रेडिओच्या सॉकेटला दोन ओळींत आठ पाय होते; पहिल्या पायाचा ठिपका ओळखू यावा म्हणून चौकोनी. त्या दिवशी त्यांनी ते आठही पाय टोचून पाहिले, बोटानं चाचपले आणि म्हणाल्या, "बसला."

"मी एकदा बघू?"

"दोघांनी बघितलं की कुणीच बघत नाही. पाठव."

हेही त्यांचं एक वाक्य होतं आणि एरवी ते खरंच असतं. चित्र गेलं.

रबाळ्याच्या कारखान्यातून बोर्ड आले ते इतके देखणे होते की टायरवालासुद्धा हात पुसून बघायला आला. अरुंद, हिरवे. पाटीत खोचला तर दोन्हीकडे एकेक ओळ मोकळी. मॅडमनी नखानं ती भोकं मोजली आणि पहिल्यांदाच माझ्या पाठीवर थाप मारली. मुका बोर्ड पहिल्या दमात चालला. मग मी रेडिओ खोचला आणि वीज दिली.

वास आधी आला. मिरचीच्या वासातूनही कळतो तो, जळक्या चिपचा. मी वायर ओढली. दुसरा रेडिओ लावला, तोही गेला. मग मीटर घेतला आणि बघितलं. जिथं वीज यायला हवी तिथं जमीन, म्हणजे अर्थिंग, होती, जमिनीच्या जागी वीज. डावी ओळ उजवीकडे, उजवी डावीकडे. आख्खा सॉकेट आरशात पाहिल्यासारखा उलटा उतरला होता.

मी सांगितलं. मॅडमनी खणातून तो टोचलेला कागद काढला आणि ट्यूबलाइटसमोर धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"छापलेली बाजू कुठली रे?" त्या म्हणाल्या.

"माझ्याकडची, मॅडम. तुमच्याकडची कोरी आहे."

सगळं तिथेच कळलं. सॉकेट त्यांनी सवयीनं खालून पाहिल्यासारखा काढला होता. हे पूर्वीही कधी कधी व्हायचं, पण कागदावर टोचताना पकडलं जायचं. या वेळी कागद थर्माकोलवर पालथा पडला होता. पालथ्या कागदावर उलटा सॉकेट सुलटा दिसतो, आणि पहिला पाय बरोबर चौकोनी ठिपक्यात बसला. पातळ कागदातून शाई दोन्हीकडून दिसते. कुठली बाजू ठळक, कुठली फिकट, एवढंच ओळखायचं होतं. तेवढं त्यांना दिसलं नाही.

त्यांनी कागद खाली ठेवला आणि मोरीवर जाऊन हात धुतले. साबण लावून, पुन्हा पुन्हा.

नवीन बोर्ड करून घ्यायला वेळ नव्हता, टर्म तोंडावर आलेली. उलटा सॉकेट वापरायचा एक मार्ग होता, रेडिओ बोर्डाच्या खालच्या अंगाला लावायचा. खालून लावला की उलट्याचं सुलट होतं. पण हा बोर्ड पाटीत खोचण्यासाठी केलेला, त्याच्या खाली जागा कुठून असणार? मॅडम म्हणाल्या, "पाय लांब लाव." आम्ही लांब पायांच्या पट्ट्या आणल्या, बोर्ड उंच केला आणि त्याच्या पोटाखाली रेडिओ लटकवला. चालला. हवेतून निरोप गेला, आला. पण तो बोर्ड दलदलीत उभ्या असलेल्या बगळ्यासारखा दिसत होता आणि बोट लागलं की डुलत होता.

तोच घेऊन आम्ही कॉलेजात गेलो. विभागप्रमुखानं मुलं जमवली होती. पहिल्या मुलीनं शेजारी वायर खोचायला जोर लावला आणि बोर्ड आडवा झाला, पाय वाकले. कुणी हसलं नाही. मला वाटतं, हसले असते तर बरं झालं असतं. विभागप्रमुखानं मॅडमना बाजूला नेलं. "पहिल्या वर्षाला हा बिनरेडिओचा लावतो, मॅडम. तो फार चांगला आहे. रेडिओसाठी मात्र बाहेरचे मागवावे लागतील. माझा नाइलाज आहे." मॅडम "बरं" म्हणाल्या. परत येताना रिक्षात मी म्हणालो, निम्मं तरी जिंकलो. त्या म्हणाल्या, "तू गप्प बस."

मी शपथेची आठवण केली, तर म्हणाल्या, "रेडिओचा बोर्ड अजून गेला कुठाय?" त्यानंतर लवकरच एका सकाळी त्यांचा फोन आला. "आज गाळा तू उघड. उजव्या डोळ्यात कुणी तरी शाई ओतलीय." आवाज तोच, कुरिअरचा. लेसर झाला, इंजेक्शनं झाली, ऑपरेशनही झालं. डॉक्टरांनी आधी का आला नाहीत असं विचारलं, तेव्हा मॅडमनी "काम होतं" एवढंच सांगितलं. उजवा गेला. डावा काही काळ सावल्या दाखवत राहिला, मग तोही गेला.

सॉकेट दुरुस्त करायला मात्र त्या मला हात लावू देत नव्हत्या. "दिसायला लागलं की मी करते." मी थांबलो. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हातात मुके बोर्ड फिरत होते, चांगले चालत होते, आणि गाळ्यात उलट्या सॉकेटचं चित्र तसंच पडून होतं. दिवाळी येऊन गेली. मग एकदा फोनवर, दुसरंच काही बोलता बोलता त्या म्हणाल्या, "कर ते." पुढे काही नाही. दिसायला लागणार नाही, हे त्यांनी मला असं सांगितलं.

मी चित्र उघडलं आणि सॉकेट पलटवला, त्याच्या तारा नव्यानं ओढल्या. चहा मागवला होता, तो निवायच्या आत काम झालं. एवढंसं काम! मला मॅडमचा इतका राग आला की मी शटर धाडकन खाली ओढलं आणि आत उभ्याउभ्या रडलो. मिरचीवाल्यानं बाहेरून शटर वाजवून विचारलं, "क्या हुआ भाई?" मी म्हणालो, "आपकी मिर्ची."

नवे बोर्ड आल्यावर मी दोन घेऊन सारसोळ्याला गेलो. दुपार होती. मॅडम पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना बसलेलं बघायची मला सवय नव्हती. आधी त्यांनी बोर्ड हातात घेतला, पाटीत स्वतः खोचला, बोटानं सॉकेट चाचपला आणि रेडिओही स्वतःच लावला. एकही पाय चुकला नाही. दुसरा बोर्ड मी आत स्वयंपाकघरात वहिनींच्या हातात दिला. त्यावर एक बटण होतं. दाबून धरलं तेवढा वेळ इथं मॅडमच्या पाटीवर दिवा लागणार.

"वहिनी, दाबा!" मी ओरडलो.

दिवा लागला. लाल, ठसठशीत. रेडिओ भिंतीपल्याडून बोलला होता. मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली. मॅडम माझ्या दिशेनं तोंड करून बसून होत्या.

"काय झालं?" त्या म्हणाल्या.

"दिवा लागला, मॅडम."

"कधी?"

"आत्ता. अजून लागलेला आहे."

त्यांनी मान हलवली. बोर्डावर कळण्यासारखी खूण तेवढी एकच होती, दिवा, आणि तो त्यांनीच ठरवलेला. आतून वहिनी विचारत होत्या, "लागला काय?" मॅडमनी पाटीवरून बोट सरकवत नेलं आणि दिव्यावर टेकवलं.

"हा का?"

"हाच."

"गार आहे रे."

"हो. हे दिवे तापत नाहीत."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. बोट त्यांनी काढलं नाही. बोटाचं टोक आतून लाल झालं होतं, नखाच्या कडेपर्यंत, आणि ते फक्त मला दिसत होतं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "अजून लागलाय?"

"लागलाय."

"मग वहिनीला सांग," मॅडम म्हणाल्या, "इतक्यात बटण सोडू नको म्हणावं."